विचारपुशीचा दिवस

ज्या काळी गावाच्या वेशी सूर्यास्ताला मिटत आणि शब्द दिला की तो पाळलाच जात असे, त्या फार जुन्या काळी एका बाजारपेठेच्या गावात एक घरमालक राहत होता. त्याच्या प्रशस्त घराला लागून ओळीने आठ खोल्या होत्या. घर आणि खोल्या मिळून छप्पर एकच होते. त्या छपराच्या मधोमध, मालकाच्या दिवाणखान्यापासून आठव्या खोलीपर्यंत, सागाचे एकच लांब आढे सांध्याला सांधा जोडून नेलेले होते.

खोल्यांत कष्टाची माणसे राहत. कोणी तेल गाळी, कोणी कपडे शिवी, कोणी दोर वळी. सहाव्या खोलीत बांबूची सुपे आणि टोपल्या विणणारी एक प्रौढ विधवा राहत होती. तिला सारे सूपवाली मावशी म्हणत. वीस वर्षे ती तेथे राहिली होती. तेथल्या अंगणात तिचे बांबू वाळत, तेथल्या दारात तिची गिऱ्हाइके येत. ती खोली गेली, तर तिला जगात दुसरा आसरा नव्हता.

मालकाच्या घराण्यात एक जुनी चाल होती. ती त्याच्या आजोबांनी घातली होती. दरवर्षी उन्हाळा चढू लागला, की एक दिवस आजोबा पायरीवर बसत, भाडेकरूंना एकेक करून बोलावीत आणि विचारीत, "घर कसे आहे?" कोणी म्हणे, कौल फुटले आहे. कोणी म्हणे, मोरी तुंबते. आजोबा सारे ऐकून घेत आणि पावसाआधी सुतार व गवंडी लावून दुरुस्ती करवीत. या दिवसाला विचारपुशीचा दिवस असे नाव होते.

आजोबा गेले. नातू मालक झाला. दिवस राहिला, विचारपूस मात्र राहिली नाही! आता दाराला तोरण लागे, सनई वाजे, गावातील प्रतिष्ठित मंडळी पानसुपारीला येत. भाडेकरूने हात जोडून पुढे यावे, मालकाने "घर कसे आहे?" असे विचारावे, भाडेकरूने मोठ्याने "सुखाचे आहे, मालक" असे म्हणावे, आणि मंडळींनी माना डोलवाव्यात. प्रश्न तोच होता. परंतु आजोबा उत्तरासाठी विचारीत, नातू कौतुकासाठी विचारू लागला.

एके वर्षी तिसऱ्या खोलीतील लोहार म्हणाला, "छप्पर गळते, मालक. माझा भाता भिजतो."

आठ दिवसांत त्याला खोली सोडावी लागली. कारण सांगण्यात आले, की घणाच्या आवाजाने मालकांची झोपमोड होते. नऊ वर्षे जो आवाज ऐकू आला नव्हता, तो एका वाक्यानंतर ऐकू येऊ लागला! लोहार नदीपलीकडे झोपडी बांधून राहिला. त्या दिवसापासून सगळ्यांची घरे एकाएकी सुखाची झाली.

पुढे एका उन्हाळ्यात सूपवालीच्या शेजारी, सातव्या खोलीत, शिंप्याच्या बायकोला मुलगी झाली. मावशी बाळ पाहायला गेली. आढ्याला पाळणा टांगलेला होता. झोका दिला, तशी पाळण्यातल्या दुपट्यावर बारीक माती झरली.

मावशीने वर पाहिले. आढ्यावर बोटभर जाडीची मातीची वाट सरळ पुढे गेली होती. मावशीची सारी हयात बांबूत गेली होती. वाळवीची वाट तिने लगेच ओळखली. तिने तिवईवर चढून कमरेच्या कोयत्याच्या मुठीने आढ्यावर टकटक केले. आवाज पोकळ आला.

"अरे बाबा," ती शिंप्याला म्हणाली, "हे आढे आतून खाल्ले आहे. पाळणा आजच उतरव."

"पाळणा उतरवतो, मावशी. पण छप्पर कसे उतरवू?"

"मालकांना सांग. विचारपुशीचा दिवस चार दिवसांवर आला आहे."

शिंप्याने घाईघाईने दार लोटले. "हळू बोला! लोहाराचे काय झाले, ते विसरलात का? घरात दहा दिवसांची बाळंतीण आहे. हिला घेऊन कोठे जाऊ? तुम्ही तरी सांगणार आहात का?"

 नातू मालक झाल्यापासून मावशीही बारा वर्षे "सुखाचे आहे" असेच म्हणत आली होती. त्या शब्दांची तिला आज प्रथमच लाज वाटली. खरे पाहता लाज कोणाला वाटावयास हवी होती? ज्याचे घर, त्याला! परंतु अशी लाज नेहमी भलत्याच माणसाच्या वाट्याला येते.

विचारपुशीचा दिवस उजाडला. सनई वाजली. मंडळी जमली. तेली म्हणाला, "सुखाचे आहे." दोरवाला म्हणाला, "सुखाचे आहे." मावशीच्या आधी शिंप्याची पाळी आली. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सुखाचे आहे, मालक." त्याची बायको बाळाला पदराखाली घेऊन मागे उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

ते मावशीने पाहिले. तिच्या हातात स्वतः विणलेले नवे सूप होते. ते तिने मालकापुढे ठेवले. सुपात विडा नव्हता, माती होती.

"हे काय, बाई?" मालकाचा कारभारी हसला. "मालकांना पाखडायला देतेस की काय?"

मंडळी हसली.

"पाखडूनच आणली आहे, कारभारी," मावशी म्हणाली. "सातव्या खोलीच्या आढ्यावरची वाळवीची माती आहे. मालक, घर सुखाचे नाही. आढे पोखरले आहे. पावसाआधी बदलावे."

सनई थांबली. मालकाचा चेहरा तांबडा झाला.

"बारा वर्षांत माझ्या घराला कोणी नाव ठेवले नाही!"

"ठेवले होते. लोहाराने ठेवले होते."

"आढे माझे आहे. त्याचे काय करायचे ते मी पाहीन. तुझे काय जाते?"

"आढे तुमचे आहे, मालक," मावशी म्हणाली. "पण त्याच्याखाली डोकी आमची आहेत."

आता कोणी हसले नाही. मालकाने पायाने सूप उलटवून टाकले आणि तो म्हणाला, "दिवस मावळण्याआधी खोली मोकळी कर."

वीस वर्षांचा संसार, आणि मुदत अर्ध्या दिवसाची! कोणत्या तोंडाने माणूस असे बोलतो? वीस वर्षे जिने अंगण झाडले, भिंती सारवल्या, ती एका खऱ्या वाक्यानिशी परकी झाली. आणि प्रतिष्ठित मंडळी? ती विडा चघळत बसून राहिली. त्यांचीही आठवण या गोष्टीत राहिली पाहिजे.

मावशी बांबूची मोळी बांधू लागली. तोच शिंप्याची बायको बाळाला घेऊन तिच्या दारात आली. "मावशी, मी येते."

शिंपी धावत आला. "अगं, वेडी झालीस का? कोठे राहणार?"

"झाडाखाली राहीन. झाड पडणार असेल तर दिसते तरी," ती म्हणाली. "तुम्ही 'सुखाचे आहे' म्हणालात, तेव्हा एकदा पोरीकडे पाहायला हवे होते."

 शिंपी आत गेला, सुया आणि कात्री गुंडाळून, पाळणा खांद्यावर घेऊन मागून चालू लागला. नदीपलीकडे लोहाराने आपल्या झोपडीला लागून दोन खोपटी उभी करून दिली. पंधरा दिवसांत दोरवाला आला. महिन्याने तेली आला. एकेक करून आठही खोल्या रिकाम्या झाल्या.

"बरे झाले," कारभारी मालकाला म्हणाला. "रिकाम्या खोल्या कुरकुर करीत नाहीत."

मालक खूश झाला. नवे भाडेकरू येत, विहिरीवर चौकशी करीत आणि तेथूनच परत फिरत. खोल्यांत चूल पेटेनाशी झाली. आजवर त्या आठ चुलींच्या धुराने वाळवीला थोडे तरी रोखले होते. हे मालकाला कोण सांगणार? धूर सरला, दारे मिटली, अंधार आणि ओल वाढली. वाळवीला कोणती बाजू भाडेकरूची आणि कोणती मालकाची, हे ठाऊक नसते. ती आढ्याच्या आतून सातव्या खोलीतून सहाव्या, सहाव्या खोलीतून पाचव्या, असे करीत करीत निघाली.

श्रावणातल्या एका दुपारी मालक जेवून परसात हात धूत असताना मोठा आवाज झाला. आठ खोल्यांचे छप्पर बसले, आणि त्याच आढ्याने मालकाचा दिवाणखाना ओढून खाली आणला. झुंबरे, गाद्या, आजोबांची बैठक, सारे कौलांखाली गेले.

मालक चिखलात उभा राहून ओरडला, "वाळवी माझ्या दिवाणखान्यापर्यंत आली आणि कोणालाच कळले नाही?"

कारभारी म्हणाला, "कळले होते, मालक. दिवाणखान्याच्या आढ्यावर मातीची वाट मी दोन महिन्यांपूर्वीच पाहिली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सुपाला लाथ मारलीत, तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो."

  नदीपलीकडे लोहाराचा घण चालू होता, आणि पडलेल्या भिंतींमुळे तो आवाज आता सरळ आत येत होता.

तात्पर्य : जो घरमालक तक्रार करणाऱ्या भाडेकरूला घालवितो, तो आपल्याच घराचा पहारेकरी घालवितो.