डोळे बांधून परवाना

"डोळ्यांवर पट्टी बांधून वेशीपासून राजवाड्यापर्यंत गाडी हाकेल, त्यालाच परवाना!" महाराजांचे फर्मान निघाले आणि भिवरगडात टांगा शिकणारी झाडून सारी पोरे डोक्याला हात लावून बसली.

या खुळाचे मूळ होते दारोगा भैरोजीराव. परवाने वाटायचे काम त्यांचे. सरदारांच्या लाडोबांना त्यांनी लगाम कसा धरतात हेही न विचारता परवाने दिले. त्यातल्या एकाने भर बाजारात गाडी हलवायाच्या दुकानात घातली! महाराज भडकले. पण भडकून का कुठे अक्कल येते? दारोग्याला जाब विचारायचा सोडून त्यांनी परीक्षाच अशक्य करून ठेवली.

म्हादू टांगेवाल्याची हौसा नुकती सोळा वर्षांची झाली होती. बापाशेजारी बसून टांगा पक्का शिकली होती. आता बापाचा हात मोडलेला. हिला परवाना नाही, तर टांगा जागेवर आणि चूल थंड. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, मी देते परीक्षा. पण गाडी-घोडे सरकारी पागेतले द्या. आणि वेळ दिवेलागणीच्या जरा आधीची."

"ओठ पिळले तर दूध निघेल, आणि हिला सरकारी घोडे हवेत!" दारोगा फिस्कारले.

"द्या तिला!" महाराज म्हणाले. "पडेल तेव्हा कळेल."

संध्याकाळी वेशीपाशी हौसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तिने लगाम सैल सोडला आणि खुशाल बसून राहिली. घोडे निघाले, गल्लीबोळ वळले, कुणाला धक्का न लावता राजवाड्यातल्या पागेसमोर, महाराज नि दारोगा वाट पाहत होते तिथेच आले आणि चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालून दाणे खात उभे राहिले.

"लबाडी!" दारोगा किंचाळले. "चंदीच्या वेळेला घोडे आपसूक पागेत येतात! हिनं काय हाकलं?"

"काहीच नाही!" हौसाने पट्टी काढून खाली उडी टाकली. "म्हंजे ही परीक्षाच खोटी, हे तुम्हीच बोललात. आता खरी घेऊ. चंदी सोडायला लावून हेच घोडे माघारी फिरवायचे. आधी तुम्ही, मग मी!"

महाराजांपुढे नाही कसे म्हणणार? दारोगा चढले. ओरडले, लगाम हिसडले, चाबूक ओढला. घोड्यांनी कान मागे पाडून गाडीला असा झटका दिला की भैरोजीराव थेट लिदीच्या ढिगात!

हौसा घोड्यांपुढे गेली. तोबरे काढून घोड्यांच्या मानेवरून हात फिरवत राहिली. ते निवल्यावर वर चढली, जिभेने नुसते 'टक्-टक्' केले. घोडे वळले, चौकाला फेरी घालून महाराजांसमोर येऊन थांबले.

महाराज ओशाळले. "मग पोरी, परीक्षा घ्यावी तरी कशी?"

"डोळे उघडे ठेवून, महाराज! परीक्षा देणाऱ्यानं तर खरंच, पण आधी घेणाऱ्यानं!"

महाराज पोट धरधरून हसले. हौसाला परवाना मिळाला, वर ती घोड्यांची जोडीही. आणि लीद झटकणाऱ्या भैरोजीरावांना हुकूम झाला, "दारोगा, उद्यापासून हिच्या शेजारी बसून शिका. तुमची परीक्षा हीच घेईल!"