झाकणरावांचा विचार

भांडी आपापसात बोलायची, त्या काळातली गोष्ट. स्वयंपाकघरात प्रत्येक पातेलं आपला कारभार आपणच बघे. वरचं झाकण तेवढं माजघरातला थोरला हंडा नेमून पाठवी. पातेल्यातून निरोप आला की झाकणाने सरकायचं; फार तर एकदा तो परत पाठवायचा, एवढीच रीत.

एके सकाळी बाळाचं दूध तापलं. पळी म्हणाली, "झाकणराव, दूध वर येतंय. जरा सरका."

"फेरविचार करा," म्हणत झाकणाने निरोप परत पाठवला.

दुधाने फेरविचार केला आणि ते आणखी वर आलं.

"आता दुसऱ्यांदा सांगतेय," पळी काकुळतीला आली. "बाळ भुकेलंय हो! रीतीप्रमाणे आता सरकायलाच हवं."

"हवंच की, पळीबाई. पण कधी, ते रीतीत कुठं सांगितलंय?"

दूध उतू गेलं, चूल विझली, बाळ रडत राहिलं.

"मी कुठं नाही म्हणालो?" झाकण म्हणालं.

थोरल्या हंड्याने रीतसर चौकशी केली. एवढा संयम हल्ली दिसत नाही, असं म्हणून त्याने झाकणाची नेमणूक शेजारच्या चुलीवर केली. तिथे वरणाला नुकताच कढ येऊ लागला होता.