भिवाने जहाजाचे पाहुणे फिरवले

कोकणात एका बंदराच्या गावी एक भोळा माणूस होता, आणि त्याला इंग्रजी येत होतं. नाव त्याचं भिवा. गोव्याच्या एका हॉटेलात त्याने दहा वर्षं बशा विसळल्या. तिथे भाषा कानावर पडून पडून तोंडात आली. अक्कल मात्र डोक्यात यायची राहिली.

कामाला तो वाईट नव्हता. सांगितलेलं एक अक्षर खाली पडू देत नसे. हीच तर पंचाईत होती.

त्याची बायको शेवंता. पदरात आठ महिन्यांची पोर. भिवाची कुठलीच नोकरी पंधरा दिवसांवर टिकली नव्हती. पोर रडली की शेवंताला वाटे, भूक लागली. पोर गप्प बसली की वाटे, ताप आला. आणि भिवा कामावर गेला की वाटे, आता येतोच परत.

शेवंताच्या मामांकडे, अनंतमामांकडे, एक मोटार होती. थंडीच्या दिवसांत बंदरात परदेशी पाहुण्यांची मोठमोठी जहाजं येत. जहाज लांब खोल पाण्यात उभं राही. पाहुणे लाँचमधून धक्क्यावर उतरत, गाव बघत, आणि पाचच्या आत परत जात. पाचला जहाज सुटे, ते कोणासाठी थांबत नसे. मामा दर जहाजातलं एकच कुटुंब घेत आणि त्यांना खासगी सफर घडवत. मामांचे गुडघे दुखायचे, म्हणून गाडी हाकायची भिवाने आणि बोलायचंही भिवानेच.

"यंदा पाच जहाजं आहेत, जावईबुवा," मामा म्हणाले. "पाचवं नीट गेलं की काम तुमचं कायमचं. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

शेवंताने देवीला नारळ बोलला.

पहिलं जहाज आलं. त्यातून एक साहेब आणि बाई उतरली. मामांनी सांगितलं होतं, पाहुण्यांना किल्ला दाखवा. किल्ला खाडीपलीकडे होता. भिवाने धक्क्यावरूनच बोट केलं.

"तो किल्ला. दिसला?"

"दिसला," साहेब म्हणाला.

"बाईंना दिसला?"

"दिसला."

"झालं तर मग," भिवा म्हणाला, आणि त्यांना त्याच लाँचमध्ये परत बसवलं. सफर सात मिनिटांत आटपली. गाडीचं तेलसुद्धा वाचलं.

मामांनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबुवा, नुसतं बोट करतात का? पाहुण्यांनी 'हे काय' म्हणून विचारलं की आत न्यायचं. बसवायचं. तिथे जे काही होत असेल ते सगळं त्यांना मिळू द्यायचं!"

"असं होय," भिवा म्हणाला. "हे आधी सांगायचं."

दुसऱ्या जहाजातून दाढीवाला साहेब बायकोला घेऊन आला. दाढी पांढरीशुभ्र, छातीपर्यंत. चाळीस वर्षं वाढवलेली. गाडी बाजारातून चालली होती. साहेबाने एका दुकानाकडे बघून विचारलं, "हे काय?"

भिवाने गाडी थांबवली, साहेबाला आत नेलं आणि बसवलं. ते केशव न्हाव्याचं दुकान होतं.

केशवने वस्तरा परजला. "किती काढू?"

"सगळी," भिवा म्हणाला. "काही शिल्लक ठेवायचं नाही, मामांनी सांगितलंय."

साहेबाला वाटलं, ही इकडची पाहुण्यांची रीत असेल. तो डोळे मिटून बसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बायकोने त्यालाच विचारलं, "माझा नवरा आत आहे, त्याला पाठवता का?"

"अहो भिवाराव!" मामा म्हणाले. त्यांच्या तोंडचे जावईबुवा त्या दिवसापासून गेले. "आत न्यायची एवढी घाई कशाला? आधी बाहेर उभं राहून माहिती द्यायची. किती वर्षांचं आहे, काय काय पडलंय, लढाया किती झाल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं!"

"असं होय. हे आधी सांगायचं."

शेवंताने आणखी एक नारळ बोलला. त्या रात्री पोरीला थोपटताना तिची बोटं मोजत होती, तीन राहिली, तीन राहिली.

तिसऱ्या जहाजातल्या पाहुण्यांना मासळीबाजार बघायचा होता. बाजाराच्या तोंडाशीच पारूबाई कोळीण टोपलीपुढे बसली होती. तिच्या तोंडाला अख्खं बंदर भ्यायचं. पाहुणे तिचे फोटो काढायला थांबले. भिवा पुढे झाला, छाती काढून उभा राहिला आणि मोठ्याने माहिती देऊ लागला.

"ही पंच्याऐंशी वर्षांची आहे. पुढचा भाग पूर्ण पडलाय, मागे दोन-तीन दाढा शाबूत आहेत. कंबरेपासून वरचा भाग एका बाजूला कललाय. लढाया पुष्कळ झाल्या. सगळ्या नवऱ्याशी, सगळ्या हिनेच जिंकल्या. सध्या डागडुजी कोणी करत नाही."

हे त्याने इंग्रजीत सांगितलं. मग पारूबाईला वाईट वाटू नये म्हणून मराठीतही सांगितलं.

"मेल्या!" पारूबाई उठली. "मी कललेली काय? थांब, तुझीच डागडुजी करते!" आणि तिने शेपटीला धरून एक सुरमई उचलली. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले.

"अरे भिवा, अरे भिवा," मामा म्हणाले. आता रावही गेले. "माणसाबद्दल असं बोलतात? माणूस समोर आला की हात जोडायचे. गळ्यात हार घालायचा. तब्येत विचारायची, चहा विचारायचा, वाट मोकळी करून द्यायची!"

"असं होय. हे आधी सांगायचं."

चौथ्या जहाजाच्या दिवशी भिवा हारांची टोपली घेऊनच निघाला. देवळाच्या बोळात पाहुण्या बाईच्या खांद्यावरची पिशवी एका चोराने हिसकली आणि तो पळत सुटला. बाई ओरडली. लोक धावले. बोळाच्या तोंडाशी भिवा उभा होता. चोर थेट त्याच्यासमोर आला.

भिवाने हात जोडले आणि त्याच्या गळ्यात हार घातला. "नमस्कार. तब्येत बरी ना?"

"बरी," चोर धापा टाकत म्हणाला.

"चहा घेणार?"

"नको. मागे माणसं आहेत."

"त्यांनाही बोलवा की."

"पुढच्या खेपेला," चोर म्हणाला. भिवाने बाजूला होऊन वाट मोकळी करून दिली.

पुढे बाजारात लोकांनी चोराला पकडलं, कारण पळणाऱ्यांत हार घातलेला तो एकटाच होता. पिशवी मिळाली. पण मामा आवाज बसेपर्यंत ओरडले.

"अरे ठोंब्या! दुसऱ्याची पिशवी घेऊन निघाला तो चोर! त्याला हार घालतात? त्याला दोरीने खुंट्याला बांधायचं! 'सोड, सोड' म्हणून तो ओरडेल. ऐकायचं नाही! जो कोणी मध्ये पडून 'सोड' म्हणेल तो त्याचा साथीदार. त्यालाही बांधायचं! पोलीस येईपर्यंत जागचं हलायचं नाही. कळलं?"

"कळलं," भिवा म्हणाला. "हे आधी सांगायचं."

मामा त्याला तिथेच काढणार होते. शेवंता पोरीला घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसली. पोरगी मामांकडे बघून हसली. मामा म्हणाले, "बरं. एकच जहाज राहिलंय. पण यात केसाइतकी चूक झाली तर माझं नाव घेऊ नका."

पाचवं जहाज आलं. त्यातून एक म्हातारी बाई आणि तिचे दोन मुलगे उतरले. आणि काय सांगू, दिवस सोन्यासारखा गेला! भिवाने किल्ला आत जाऊन दाखवला. माहिती भिंतींचीच सांगितली. हार माणसांनाच घातले. म्हातारीने त्याच्या गालाला हात लावून "फार चांगला मुलगा" म्हटलं. साडेचारला त्याने तिघांना धक्क्यावर आणून उभं केलं. तिथे मामा मुद्दाम आले होते. शेवंताही पोरीला कडेवर घेऊन आली होती. मामांनी घड्याळ पाहिलं, पाहुणे पाहिले, आणि आपण होऊन म्हणाले, "शाबास, जावईबुवा."

शेवंताच्या डोळ्यांना पाणी आलं.

शेवटची लाँच लागली होती. म्हातारीला पाऊल टाकताना तोल सांभाळेना, म्हणून लाँच चालवणाऱ्या टांडेलाने तिची पिशवी आपल्या हातात घेतली. तिला आत बसवलं. मुलगे बसले. टांडेलाने धक्क्याच्या खुंट्यावरची दोरी काढली, आणि पिशवी तशीच काखेत धरून लाँच सुरू केली.

भिवाने ते पाहिलं. दुसऱ्याची पिशवी. घेऊन निघाला. वर बाईलाही नेतोय!

त्याने उडी मारून दोरी पकडली आणि खुंट्याला चार वेढे दिले. लाँच हिसका खाऊन थांबली.

"सोड!" टांडेल ओरडला.

"असंच म्हणणार तू," भिवा म्हणाला.

"अहो, सोडा!" म्हातारीचे मुलगे इंग्रजीतून ओरडले. ते आधीच लाँचसकट बांधलेले होते, म्हणून भिवाने त्यांचं काही केलं नाही.

लांबून जहाजाने भोंगा दिला. पाचला दहा मिनिटं होती.

मामा गुडघे विसरून धावत आले. "अरे, काय करतोस? सोड! सोड म्हणतो ना!"

भिवाला फार वाईट वाटलं. घरचाच माणूस. शेवंताचा सख्खा मामा. पण काम ते काम. त्याने दोरीचं उरलेलं टोक घेतलं आणि मामांना खुंट्याशी उभं करून पायांपासून छातीपर्यंत गुंडाळलं.

'सोडा' म्हणायला शेवंताने तोंड उघडलं. कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

जहाजाने दुसरा भोंगा दिला.

"गाढवा!" मामा खुंट्यावरून ओरडले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"बरं, मामा," भिवा म्हणाला. "उद्यापासून नाही येत." आणि आजचं काम अजून व्हायचं होतं, म्हणून त्याने गाठ जरा आवळली आणि पोलिसांची वाट बघत मामांच्या पायाशी बसला.