रेटा

"मग ती घसरू नये म्हणून मी करायचं तरी काय, वस्ताद?"

केतकी सरनोबतने हे चौथ्यांदा विचारलं. विचारलं कसलं, ओरडलीच. तिच्यामागे तिची लाल गाडी उलट्या तोंडाने उभी होती आणि वळणावरचं निळं पिंप आडवं होऊन गडगडत निघालं होतं.

दस्तगीर वस्ताद पिंपामागे चालत गेले, ते पुन्हा जागेवर उभं केलं आणि परत आले.

माळावरच्या त्या बंद पडलेल्या धावपट्टीवर आम्ही तिघेच होतो. मी स्टॉपवॉच धरायला. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी आकडे खोटे लिहीत नाही, म्हणून वस्ताद मला बरोबर नेतात.

वस्तादांची चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात आणि शर्यतीत पळवण्यात गेली. केतकी चोवीस वर्षांची. छोट्या गाड्यांच्या शर्यतीत तीन वर्षं तिला कुणी मागे टाकलं नव्हतं, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

आता गाठ मोठ्या गाडीशी होती. पाचशे घोड्यांची ताकद, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर. रविवारी संघाची निवड होती. घसरण आवरणारी यंत्रणा बंद ठेवायची आणि अठ्ठावन्न सेकंदांच्या आत फेरी मारायची. जागा एकच उरलेली. ही शेवटची संधी, असं संघाच्या मालकाने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

त्या दिवशी गुरुवार होता. सकाळपासून सहा फेऱ्या झाल्या आणि सहाही वेळा त्याच वळणातून बाहेर पडताना तिने ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गर्रकन फिरली.

"गाडीच नाठाळ आहे," केतकी म्हणाली. "माझी जुनी गाडी असं कधीच करत नव्हती."

"ती वढायची," वस्ताद म्हणाले. "पुढची चाकं वढायची, मागची गुमान येत हुती. ही मागनं ढकलतीया."

"ते माहीत आहे मला."

"तुला ढकलाया येतं?"

"न यायला काय झालं?"

वस्तादांनी गाडी पट्टीच्या कडेला नेली, इंजिन बंद केलं, गिअर मोकळा केला. मग स्टिअरिंगवर बसूनच खिडकीतून हात बाहेर काढला.

"मार धक्का."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी स्टॉपवॉचकडे पाहिलं.

कडेला बारीक माती साचली होती. केतकीने डिकीला हात लावले आणि जोरात हिसडा दिला. बूट मागे सटकला, गुडघा काँक्रीटवर आपटला. गाडी जागची हलली नाही.

"काय झालं?" आतून आवाज आला.

"पाय सटकला!"

"का?"

"खाली माती आहे ना!"

"माती हायच की. रविवारी बी असंल."

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी ती चार पावलं मागे गेली आणि पळत येऊन आदळली. मी डोळे मिटून घेतले. गाडी वीतभर सरकली, केतकी हातभर.

"तुम्हीच म्हणालात ना, धक्का मार म्हणून?"

"म्हनलो. सगळीच म्हनत्यात. बंद पडलेल्या गाडीला रेटा मारा, असं कुणी म्हनल्यालं ऐकलंयस?"

"नाही."

"पर धक्क्यानं चालती का?"

...

केतकी गुडघ्यावरची माती झटकत उभी राहिली. मला तिची दया आली. पोरगी उद्धट खरी, पण रात्रंदिवस तिला तेवढी एकच गोष्ट हवी होती.

मग तिने डिकीवर तळवे टेकले. अंगाचा भार हळूहळू पुढे सोडला. काहीच झालं नाही. तिने आणखी थोडा भार दिला.

गाडी चालू लागली.

दहा पावलं गेल्यावर वस्तादांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी एकदम जड झाली. सवयीने केतकीने जोर वाढवला आणि तिचा पाय बाजूला सटकला. पडता पडता ती सावरली आणि जोर कमी केला. वस्ताद सावकाश चाक सरळ करत गेले, तशी तीही सावकाश भार वाढवत गेली. ऐकू येत होता तो फक्त तिचा श्वास, आणि तिच्या बुटांचा खर्र... खर्र... आवाज.

तीस पावलांनंतर ती थांबली. घामाने चिंब झाली होती.

"वस्ताद... चाक सरळ होईल तसा रेटा वाढवायचा?"

वस्ताद खाली उतरले आणि दार तिच्यासाठी उघडं ठेवलं.

सातव्या फेरीत गाडी वळणातून बाहेर पडली तेव्हा इंजिनाचा आवाज एकसारखा चढत गेला. निळं पिंप जागच्या जागी होतं. आठव्या फेरीत तेच. नवव्या फेरीतही तेच. मी नकळत टाळी वाजवली.

केतकी हेल्मेट काढत धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"नाही घसरली! एकदाही नाही, वस्ताद! एकदाही!" मग माझ्याकडे वळली. "काका, किती?"

आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा खोटा सांगावासा वाटला.

"अठ्ठावन्न आणि चार दशांश."

तिचा चेहरा उतरला.

"अजिबात न घसरता?" ती हळूच म्हणाली. "मग आता आणखी काय करू?"

...

वस्तादांनी तिच्या कोपराला धरलं आणि पट्टीच्या कडेला नेलं. तिथल्या मातीत तिचे बूट उमटले होते. सुरुवातीला तीन लांबच लांब ओरखडे, जिथे ती आपटत होती आणि गाडी चालत नव्हती. त्यापुढे पावलं, एकापुढे एक, जिथे गाडी चालली होती.

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसले. त्या पावलांतल्या एका पावलाकडे त्यांनी बोट नेलं. पावलामागे बूट किंचित सरकल्याचा छोटासा ओरखडा होता. त्यापुढच्या पावलामागेही होता. प्रत्येक पावलामागे होता.

वस्तादांनी आपलं बोट त्या ओरखड्यावर आडवं ठेवलं. नेमकं मावलं.

केतकीने हेल्मेट उचललं.

"म्हणजे... वस्ताद..."

"एवढी घसरू दे."