मोहबोडीचं पाणी चांगलं आहे

“पाण्यात दोष नाही, तर मासे का मरतात?”

विमलबाईंनी हे विचारलं आणि पराग डोंगरवारच्या कपाळाला आठी पडली. हाच प्रश्न घेऊन तर तो आला होता. बाईंनी तो जसाच्या तसा त्याच्या पुढ्यात ठेवला.

विमलबाई खोब्रागडे यांची उभी हयात तळ्यांचं पाणी आणि गाळ तपासण्यात गेली. निवृत्त झाल्या आणि मोहबोडीच्या तलावाकाठी येऊन राहिल्या. पराग त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. आता आसपासच्या तलावांची तब्येत पाहणं हेच त्याचं काम होतं.

मोहबोडीत मासे मरू लागले होते. रोज सकाळी रोहू-कतला पोट वर करून काठाला लागत. ढिवरांच्या मासेमारी सोसायटीच्या अध्यक्ष सायत्राबाई नागपुरे परागच्या मागे लागल्या होत्या. त्यांच्या टोल्यातली, त्या छोट्या वस्तीतली, सगळी घरं या तलावावर जगत.

परागने पाणी तपासलं. प्राणवायू भरपूर, विष कुठलंच नाही. पाणी चांगलं आहे, असं सांगून तो मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी आणखी मासे मेले.

“पाणी घेतलंस कधी?” बाईंनी विचारलं.

“दुपारी.”

“मासे मरतात कधी?”

“पहाटे...”

बाई शेंगा सोलत राहिल्या.

तो चरफडत उठला. पहाटे नाव काढून त्याने पुन्हा पाणी घेतलं. दुपारी भरपूर असलेला प्राणवायू आता जवळजवळ नव्हताच. तो तडक बाईंकडे आला. शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. बाई म्हणाल्या, रात्रीतून तो कोण खातं ते तळाशी बघ, गाळ आण.

त्याने गाळ आणला. दोराला बांधलेलं लोखंडी जबड्याचं यंत्र उन्हात खालीवर करताना हाताला फोड आले. बाईंनी एकेक बरणी उजेडात धरली. करडा, मऊ, निरोगी गाळ.

“पूर्वेच्या कोपऱ्यातला?”

“तिकडे नाव जात नाही, बाई. गाळ फार आहे. रुतते.”

“आणि तू काय आणायला गेला होतास?”

परागने दात आवळले. शिष्य म्हणून किती सोसायचं यालाही काही सीमा असते, असं त्याला वाटलं. सरळ सांगून टाकायला यांचं काय जातं? पायऱ्या उतरताना तो मनातल्या मनात बाईंशी भांडत होता.

पूर्वेच्या कोपऱ्यात नाव सायत्राबाईंनीच रेटली. यंत्र खाली गेलं, जबडा मिटला. वर आलं तसा सडक्या अंड्यांचा वास सुटला. सायत्राबाईंनी पदर नाकाला लावला. गाळ डांबरासारखा काळा होता, आणि त्यात कसल्या तरी दोऱ्यांचा गुंता होता.

परागने तो बरणीत भरला आणि दोघं विमलबाईंकडे आली.

त्याने बरणी बाईंसमोर ठेवली. बाईंनी झाकण काढलं, दोन बोटं आत घातली, एक सडका गुंता ओढून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“काय आहे?”

परागने गुंता बोटांनी उलगडला.

“पराग.”

“जलपर्णीची मुळं.”

मागल्या वर्षी तलाव जलपर्णीने गच्च भरला होता. औषध फवारा, आठवड्यात पाणी मोकळं होईल, हा सल्ला परागचाच. पाणी खरंच मोकळं झालं. गावाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. मेलेली जलपर्णी वाऱ्याने पूर्वेच्या कोपऱ्यात लोटली आणि तिथेच बुडाली. आता ती खाली कुजत होती आणि रोज रात्री तलावाचा श्वास गिळत होती.

पायरीवर सायत्राबाई उभ्या होत्या. परागने त्यांच्याकडे वळून सगळं सांगितलं. फवारा मी मारायला लावला, हेही सांगितलं. ओला गुंता हातात तसाच होता.

सायत्राबाईंनी पदर कमरेला खोचला.

“मंग आता उपसा लागन,” त्या म्हणाल्या. “फावडी आमी आनतो. तुमी बी या.”

“येतो.”

त्या गेल्या. मग मात्र परागच्या संयमाचा बांध फुटला. औषधाची गोष्ट बाईंना पहिल्यापासून माहीत होती. सत्काराला त्या पहिल्याच रांगेत होत्या. मग त्याला उन्हातान्हात का हिंडवलं? तेवढ्या दिवसांत किती मासे मेले?

बाईंचा चेहरा उतरला. ते मेलेले मासे त्यांनीही रोज काठावर पाहिले होते.

“पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, बाई. मी ऐकलं नसतं का?”

विमलबाईंनी बरणीचं झाकण लावलं.

“सांगितलं असतं, तर तू गाळाऐवजी मला तपासलं असतंस.”