अर्ध्या नदीची परवानगी

"म्हणजे माय, तुझे कासव नदीच्या मधातूनच वापस येतात?"

भैरवगिरी बुवांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं, की शाल्मलीला धड रागावताही येईना.

याच मठात, बुवांपुढे बसून ती अक्षरं गिरवायला शिकली होती. आता ती प्राणिशास्त्रातली पंडिता. कित्येक उन्हाळे नदी पालथी घालून तिनं कासवांचा नकाशा केला होता. कुठल्या डोहात, कुठल्या वाळूवर कोणतं कासव, ते ठिपक्यांनी दाखवलेलं. अलीकडचा काठ ठिपक्यांनी भरलेला, पलीकडचा पांढराशुभ्र. काम देखणं होतं, उगाच नावं का ठेवा? ते देखणं आहे हे तिलाही पुरतं ठाऊक होतं, एवढीच काय ती अडचण.

"पलीकडे दुसरं राज्य लागतं, बुवा. मला परवानगी अर्ध्याच नदीची मिळाली."

"अन् कासवीनं कोणाची घेतली?"

शाल्मलीनं नकाशा जमिनीवर नीट पसरला.

"उद्या दोन्ही राज्यांच्या बैठकीत मांडायचाय," ती म्हणाली. वरचं शीर्षक तिनं त्यांना वाचून दाखवलं. 'नदीतील कासवांचा संपूर्ण नकाशा.' "असा आजवर कोणी केलेला नाही."

"बैठक काहून?"

"वाळूसाठी. जिथं कासवांचे ठिपके नाहीत, तिथली वाळू उपसायला देणार..."

वाक्य तोंडातून गेलं, आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

बुवांनी नकाशावर बोट ठेवलं. डोहातून, वाळूवरून, एकेका ठिपक्यावरून ते हळूहळू पुढे नेलं.

"किती जीव लावून केलं, माय!" ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

बोट मधल्या रेघेपाशी आलं. थांबलं नाही. पांढऱ्या भागावरून, कागदाच्या कडेवरून, सारवलेल्या जमिनीवरून सरकत राहिलं... हात पुरेनासा झाला, तेव्हाच थांबलं.

शाल्मलीनं पेन काढलं. पांढऱ्या काठावर लिहिलं, 'इथं अजून कोणी पाहिलेलं नाही.' मग 'संपूर्ण' या शब्दावर पेन टेकवलं. तो खोडताना तिचे डोळे भरून आले. बुवांनी ते पाहिलं, पण समजूत काढली नाही.

समोर नदी संथ वाहत होती. पलीकडची वाळू उन्हात चमकत होती.

"कासवी या काठी बसते, पिल्लं त्या काठी," बुवा म्हणाले. "नुसत्या नजरेनं वाढवते त्यांना."

"ते कीर्तनातलं, बुवा." तिची विद्या अजून ताठ होती, आवाज तेवढा ओला. "खरी कासवी वाळूत अंडी घालते आणि निघून जाते. मागे वळून बघतसुद्धा नाही."

"बघत नाही?"

"नाही."

बुवांनी तिच्या ओल्या अक्षरांकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडले... नदीला नव्हे, तिला.

"मग आत्ता त्या काठाकडं कोणी पाहिलं, माय?"