ढोलीतला ठिय्या

फार पूर्वी डोंगरउतारावरच्या एका रानात एका भेकरीचा पाय मोडला. ती बेहड्याच्या बुंध्याला टेकून पडली. त्या झाडाच्या ढोलीत बसून एक होला पक्षी घुमू लागला. पोकळ खोडातून त्याचा आवाज भेकरीच्या अंगात उतरला आणि तिचा ठणका थांबला.

"अजून घुम रे," ती म्हणाली. होल्यालाही ते आवडलं. तो दिवसभर घुमायला लागला. चौथ्या दिवशी भेकरी पाणी प्यायलाही उठेना. शेजारच्या घोरपडीने पाहिलं, तर तिचा श्वास एकदा यायचा आणि मग बराच वेळ येतच नव्हता.

"होल्या, बास कर आता! तुझ्या घुमण्याने तिचा श्वास थांबतोय!" घोरपड ओरडली. त्याने ऐकलं नाही. तो दाणे टिपायला खाली उतरला, तशी ती ढोलीत शिरली आणि अंग फुगवून घट्ट बसली.

होला चिडला. "तुला घुमता येत नाही, मग जागा कशाला अडवतेस?"

"अडवायलाच बसलेय."

होला बाहेर फांदीवर बसून घुमला, पण ढोलीशिवाय तो आवाज भेकरीच्या अंगात उतरेना. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि पायातली कळ थेट मस्तकात गेली.

"दुष्टे, ऊठ तिथून! काही करत नाहीस, नुसती बसलीयेस! मेले मी!" ती किंचाळत राहिली.

"ऐकतेस ना तिचे हाल?" होला म्हणाला.

"ऐकतेय," घोरपड वैतागून म्हणाली. "एवढं किंचाळायला छातीत श्वास लागतो. किंचाळू दे तिला."